एसटीचा विद्यार्थी पास: सवलत भरघोस, पण शाळा सुटल्यावर गाडी आहे का?

एसटीच्या विद्यार्थी मासिक पासावर 66.67 टक्के सवलत आहे. तीन रुपये भाड्यातला एक रुपया घरातून जातो, उरलेले दोन राज्य सरकार एसटी महामंडळाला देते. बारावीपर्यंतच्या मुलींना पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर योजनेतून पास पूर्ण मोफत आहे. खेड्यातल्या घराला शिक्षणाच्या दुसऱ्या कुठल्या खर्चात एवढी सूट क्वचितच मिळते. तरीही सकाळी फाट्यावर उभ्या पालकांत बोलणे निघते ते सवलतीचे नसते. कालची संध्याकाळची गाडी आली का, आज फेरी रद्द तर नाही ना, पोरगी घरी किती वाजता पोचली, हेच विषय असतात. म्हणून या सेवेला गुण देताना पासाची खिडकी आणि गावचा थांबा ही दोन ठिकाणे वेगळी धरायला हवीत. खिडकीवर एसटी उत्तम आहे. थांब्यावर ती गावागणिक बदलते.

आधी खिडकी. पासासाठी लागणारे कागद थोडे आहेत: चालू शैक्षणिक वर्षाचा बोनाफाईड दाखला, आधार कार्डाची प्रत, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि भरलेला अर्ज. अर्ज परत येतो तो बहुधा दाखल्यामुळे. त्यावर इयत्ता, शैक्षणिक वर्ष, मुख्याध्यापकांची किंवा प्राचार्यांची सही आणि संस्थेचा शिक्का, हे चारही हवेत. घाईत दिलेल्या दाखल्यावर गेल्या वर्षाची इयत्ता राहून जाते आणि विद्यार्थ्याला तालुक्याला दुसरी खेप घालावी लागते.

दुसरी अडचण थांब्याच्या नावाची. आधारवर महसुली गावाचे नाव असते, विद्यार्थी बसतो फाट्यावर किंवा वस्तीवरच्या थांब्यावर आणि एसटीच्या भाडेपत्रकात त्या थांब्याला तिसरेच नाव असते. यावर सोपा उपाय आहे. त्या थांब्यावरून शाळेच्या गावापर्यंतचे एक साधे तिकीट जपून ठेवावे आणि त्यावर मशीनने छापलेली दोन्ही नावे अर्जात जशीच्या तशी लिहावीत. वाहकाच्या मशीनला तीच नावे कळतात. फाट्यापर्यंतचा पास काढून पुढे गावात उतरणाऱ्या मुलाशी वाहकाचा वाद होतो, त्याचे मूळही इथेच असते. एसटीचे भाडे 6 किलोमीटरच्या टप्प्याने आकारले जाते. फाटा एका टप्प्यात आणि गाव पुढच्या टप्प्यात पडत असेल, तर दोन-तीन किलोमीटरसाठी पासाची रक्कम एका टप्प्याने वाढते. हा फरक अर्ज देण्याआधीच विचारून घ्यावा. पावसाळ्यात फाट्यापासून घरापर्यंत चिखल तुडवायचा असेल, तर वरचा टप्पा घेतलेलाच बरा.

18 जून 2024 पासून महामंडळाने पास थेट शाळेत देण्याची मोहीम सुरू केली आणि पुढच्या वर्षीही ती चालवली. शाळेने पास हवा असलेल्या मुलांची यादी आगाराला द्यायची आणि तयार पास शाळेतच वाटायचे, अशी ही पद्धत आहे. अलीकडच्या काळातला एसटीचा हा सर्वांत चांगला निर्णय म्हणावा लागेल. पूर्वी पासासाठी मुलाचा एक दिवस बुडायचा आणि लहान मुलाबरोबर आई किंवा वडिलांचा रोजही बुडायचा. मात्र यादी वेळेवर गेली तरच हे जमते. ज्या शाळेत एका शिक्षकाकडे हे काम ठरवून दिलेले असते, तिथे पहिल्या आठवड्यात पास हातात पडतो. जिथे ते कुणाकडेच नसते, तिथे मुले जुलैपर्यंत तिकीट काढून येतात. कनिष्ठ महाविद्यालयांची अडचण निराळी. अकरावीचे प्रवेश फेऱ्याफेऱ्यांनी होतात, 2025 पासून तर ती ऑनलाइन प्रक्रिया राज्यभर लागू झाली आहे. जूनच्या यादीत ही मुले असणारच नाहीत. त्यांच्यासाठी महाविद्यालयाने प्रत्येक फेरीनंतर पुरवणी यादी पाठवायला हवी. तोवर विद्यार्थ्याने वाट न पाहता प्रवेशाच्या पावतीबरोबरच बोनाफाईड मागून सरळ आगार गाठावे.

नूतनीकरणाची रांग टाळता येते. शाळा एकाच दिवशी सुरू होते, त्यामुळे बहुतेकांचे पास एकाच तारखेला सुरू होतात आणि एकाच तारखेला संपतात. त्या दोन दिवसांत खिडकीपुढे पाय ठेवायला जागा नसते. पास संपण्याच्या दोन-तीन दिवस आधी गेलात तर काम लवकर होते, फक्त नव्या पासाची सुरुवात जुना संपल्यानंतरच्या तारखेपासून घातली आहे ना, हे तिथेच पाहावे. दिवाळीची सुट्टी जवळ आली असेल तर मासिक पास आधी काढू नये. सुट्टीतले दिवस परत मिळत नाहीत. त्या आठवड्यात तिकीट काढून जावे आणि शाळा पुन्हा उघडेल त्या दिवसापासून पास घ्यावा.

बारावीनंतरच्या मुलींनी थोडे गणित करायला हवे. 17 मार्च 2023 पासून महिला सन्मान योजनेत सर्व महिलांना एसटीच्या तिकिटात 50 टक्के सवलत आहे. पदवीला गेलेल्या मुलीपुढे त्यामुळे दोन वाटा असतात: रोज अर्धे तिकीट किंवा एक तृतीयांश रकमेचा मासिक पास. कुठली स्वस्त पडेल हे हजेरीवर ठरते. आगाराने सांगितलेली पासाची रक्कम एका बाजूच्या अर्ध्या तिकिटाने भागावी. समजा पासाचे 600 रुपये होतात आणि पूर्ण तिकीट 30 रुपये आहे. अर्धे तिकीट 15 रुपये, म्हणजे 600 भागिले 15, उत्तर 40 फेऱ्या. महिन्यात जाऊन-येऊन 20 दिवसांपेक्षा जास्त प्रवास होत असेल तर पास परवडतो. महाविद्यालय आठवड्यातून चारच दिवस भरत असेल, मधे सण असतील, परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी असेल, तर अर्धे तिकीटच बरे. शिवाय पास ठरलेल्या दोन ठिकाणांमध्येच चालतो. अर्ध्या तिकिटाला ते बंधन नाही आणि शिवशाहीतही ते मिळते. साध्या गाडीच्या पासावर निमआराम किंवा शिवशाही गाडीत बसता येत नाही, हे विसरून मुले समोर आलेली पहिली गाडी पकडतात आणि वाहकाकडून वेगळे तिकीट काढून बसतात.

मुलांना, म्हणजे मुलग्यांना, हा अर्ध्या तिकिटाचा पर्याय नाही. पाच ते बारा वर्षांपर्यंत सगळ्यांनाच अर्धे तिकीट असते. त्यानंतर मुलग्याला पास असेल तर एक तृतीयांश, नसेल तर पूर्ण. एकाच घरातून आठवीतली मुलगी फुकट जाते आणि दहावीतला भाऊ पैसे भरतो, म्हणून काही पालक कुरकुर करतात. ती समजण्यासारखी आहे, पण मुलींचा पास मोफत असणे योग्यच आहे. खर्च वाढला की ज्या घरांत आधी मुलीची शाळा थांबते, त्या घरांसाठी ही योजना आहे, आणि अशी घरे अजून कमी झालेली नाहीत. मुलग्यांसाठी मागायचे तर सवलत वाढवून मागण्याआधी फेरी वाढवून मागावी. त्याचा उपयोग दोघांनाही होतो.

आता थांबा. पासाची खरी किंमत खिडकीवरच्या पावतीवर दिसत नाही. गाडी चुकली, आली नाही किंवा भरून न थांबता गेली, की विद्यार्थी वडापच्या खासगी जीपने किंवा काळी-पिवळीने जातो आणि ते पैसे कुठल्याच सवलतीत धरले जात नाहीत. वरचेच उदाहरण घ्या. 600 रुपयांचा पास आहे, महिन्यात सहा फेऱ्या जीपने कराव्या लागल्या आणि प्रत्येकी 40 रुपये गेले, तर पास 840 रुपयांना पडला. मोफत पास असलेल्या मुलीला तो 240 रुपयांना पडला. पैशांपलीकडे तिला अंधारात अनोळखी गाडीत बसावे लागले आणि घरच्यांच्या दृष्टीने खरा खर्च तोच आहे. म्हणून ज्या गावात गाडी नेमाने येते तिथे लोक या पासाला नावाजतात आणि जिथे येत नाही तिथे सवलतीचा आकडा ऐकून घेण्याच्याही मनःस्थितीत नसतात. दोघेही आपापल्या थांब्यापुरते बरोबर आहेत.

गाडी का येत नाही, याची कारणे वेगवेगळी आहेत आणि तक्रार करण्याआधी आपल्या गावचे कारण कोणते हे ओळखावे. पहिले कारण गाड्यांची संख्या. करोनापूर्वी महामंडळाकडे सुमारे 18 हजार गाड्या होत्या, नंतर ती संख्या 15 हजारांच्या आसपास आली. 31 विभागांत त्या वाटल्या की आगाराच्या वाट्याला राखीव गाडी जवळपास उरत नाही. सकाळी एक गाडी कार्यशाळेतून निघाली नाही की कुठली फेरी रद्द करायची हे वाहतूक नियंत्रकाला ठरवावे लागते. लांब पल्ल्याच्या गाडीत आरक्षण केलेले प्रवासी असतात, खेड्याच्या फेरीत पासवाले. कुऱ्हाड बहुधा खेड्याच्या फेरीवर पडते. दुसरे कारण वेळेचे. तालुक्याच्या गावातली चार-पाच विद्यालये आणि महाविद्यालये पंधरा-वीस मिनिटांच्या आत सुटतात, बाजार त्याच दिवशी असतो आणि साध्या गाडीत बसायला साधारण 44 जागा. गाडी स्थानकातच इतकी भरते की पुढच्या फाट्यावर थांबवून उपयोग नसतो. चालक मुद्दाम थांबत नाही असे तिथे उभ्या मुलांना वाटते. कधी ते खरेही असते, पण भरलेल्या गाडीचा दोष चालकावर टाकून प्रश्न सुटत नाही. तिथे दुसरी फेरी लागते किंवा एका शाळेची घंटा अर्धा तास मागेपुढे करावी लागते.

तिसरे कारण पैशाच्या फिरण्यात आहे. सवलतीची प्रतिपूर्ती शासनाकडून येते. विद्यार्थी, ज्येष्ठ, महिला, स्वातंत्र्यसैनिक अशा अनेक घटकांची ही रक्कम मोठी असते आणि ती उशिरा आली की डिझेल, सुटे भाग, पगार सगळ्यालाच ओढाताण होते. 25 जानेवारी 2025 पासून भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले. पास हा भाड्याचा ठरावीक हिस्सा असल्यामुळे मुलग्यांचा पासही त्याच प्रमाणात महागला. टक्केवारीत सवलत दिली की ती महागाईबरोबर सरकत राहते, हे या योजनेतले एक चांगले सूत्र आहे. ठरावीक रुपयांची सूट असती तर एव्हाना ती नावापुरती उरली असती.

गाडी बंद पडली की काय होते, हे 2021 च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेल्या आणि 2022 च्या एप्रिलपर्यंत लांबलेल्या संपाने दाखवून दिले. करोनानंतर शाळा उघडत होत्या आणि त्याच वेळी गावची गाडी बंद होती. ज्यांच्याकडे दुचाकी होती त्यांची मुले गेली, बाकीची चालत गेली किंवा घरी राहिली. पास, सवलत, योजना सगळे कागदावर तसेच होते.

मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या गाड्यांचा अनुभव यापेक्षा बरा आहे. राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी या गाड्या एसटीच चालवते. फरक असा की गाडीची वेळ शाळेच्या घंटेवरून ठरते, आगाराच्या सोयीवरून नाही. जिथे ही गाडी आहे तिथे मोफत पासाला खरा अर्थ येतो. उणीव एवढीच की ती दुरुस्तीला गेली तर बदली गाडी लगेच मिळेलच असे नाही, म्हणून त्या मार्गावरच्या साध्या गाडीची वेळही मुलींना पाठ हवी.

विद्यार्थ्यांसाठी एसटीत आणखी काही सवलती आहेत, ज्या फार थोड्या घरांना ठाऊक असतात. मोठ्या सुट्टीत मूळ गावी जायला-यायला, परीक्षेला जायला, शैक्षणिक शिबिराला जायला आणि आजारी आई-वडिलांना भेटायला विद्यार्थ्याला 50 टक्के सवलत आहे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलग्यांना याचा मोठा फायदा होऊ शकतो, कारण त्यांना मासिक पासाची गरज नसते आणि गावी जाताना ते पूर्ण तिकीट काढतात. यासाठी संस्थेचा दाखला लागतो, म्हणून सुट्टी लागण्याच्या आठवडाभर आधी कार्यालयात अर्ज द्यावा. शेवटच्या दिवशी कार्यालयात कुणी सापडत नाही. शाळेच्या सहलीलाही 50 टक्के सवलतीने गाडी मिळते. तिचे आरक्षण नोव्हेंबर उजाडण्याआधी करावे, पुढे हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी गाड्या मिळत नाहीत. आणि गावाहून शहरात शिकणाऱ्या मुलांचे जेवणाचे डबे एसटी मोफत नेते. आईने सकाळी गाडीत दिलेला डबा तालुक्याच्या स्थानकावर पोराच्या हातात पडतो, आणि यादीतली ही सर्वांत छोटी सवलत सर्वांत मायेची आहे.

या सगळ्या रचनेत एक मोठा गट बाहेर राहतो. पास बोनाफाईडवर मिळतो, वयावर नाही. पदवी संपवून तालुक्याच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तेवीस वर्षांचा मुलगा, खासगी टायपिंगच्या किंवा संगणकाच्या वर्गाला जाणारा, शिकाऊ म्हणून दुकानात कमी पगारावर लागलेला, हे सगळे पूर्ण तिकीट काढतात. शिक्षण नुकतेच सुटले आणि कमाई अजून सुरू नाही, अशा काळात त्यांची सवलत थांबते. सवलत वयावर देता येते. स्कॉटलंडने 31 जानेवारी 2022 पासून 5 ते 21 वर्षांच्या सर्वांना बसप्रवास मोफत केला, शाळेत असो वा नसो. आपल्याकडे ताबडतोब तेवढे झेपणार नाही, पण नोंदणीकृत अभ्यासिकेच्या दाखल्यावर 25 वर्षांपर्यंत मासिक पास देणे अवघड नाही. बारावीनंतर शिक्षण सोडलेल्या मुलींना निदान अर्धे तिकीट आहे, मुलग्यांना तेही नाही.

शहरांत चित्र वेगळे आहे, कारण तिथे पैसे महापालिका भरते. पुणे महापालिका आपल्या शाळांतल्या मुलांना पीएमपीचा, म्हणजे शहर बससेवेचा, पास मोफत देते आणि हद्दीतल्या खासगी शाळांतल्या पाचवी ते दहावीच्या मुलांच्या पासाचे 75 टक्के भरते. 1 जून 2025 पासून मात्र पीएमपीचे भाडे वाढले. सर्वसाधारण दैनिक पास 70 रुपयांवर आणि मासिक 1500 रुपयांवर गेला. हद्दीबाहेरच्या गावातून शहरात येणाऱ्याने एसटीचा विद्यार्थी पास आणि पीएमपीचा पास, दोन्हींचे भाव शेजारी ठेवून मगच ठरवावे. कधी कधी अर्धा रस्ता एसटीने आणि अर्धा चालत, हेच स्वस्त आणि वेळेवर पोचवणारे असते.

गुण द्यायचेच तर सवलतीला पाचपैकी पाच, पास मिळण्याच्या सोयीला शाळेतल्या वाटपामुळे चार, वेळेवर गाडी मिळण्याला सरासरी दोन. हे दोन वाढवणे काही अंशी गावाच्या हातात आहे, म्हणून तक्रार कशी करायची तेही सांगायला हवे. गाडी थांबली नाही एवढेच तोंडी सांगून काही होत नाही. दिनांक, वेळ, थांबा, गाडीचा क्रमांक आणि पाटीवरचा मार्ग, या पाच गोष्टी लिहून दिल्या तर नोंदवहीवरून चालक-वाहक सापडतात. स्थानकात तक्रार पुस्तक असते, त्यात लिहावे आणि पानाचा मोबाइलवर फोटो घ्यावा.

नवी फेरी किंवा वेळेत बदल हवा असेल तर एकट्याचा अर्ज पुरत नाही. शाळा व्यवस्थापन समितीने किंवा ग्रामपंचायतीने आगार व्यवस्थापकांना पत्र द्यावे, प्रत विभाग नियंत्रकांना. पत्रात भावना कमी आणि आकडे जास्त असावेत: कुठल्या थांब्यावरून किती पासधारक, त्यांत मुली किती, शाळा भरण्याची आणि सुटण्याची वेळ, सध्याची गाडी किती वाजता येते, ती किती मिनिटांनी मागेपुढे केली तर चालेल, रस्ता मोठ्या गाडीला पुरेसा आहे का, गाडी वळायला जागा कुठे आहे. शेवटचे दोन मुद्दे बहुतेक पत्रांत नसतात आणि आगाराकडून नकार येतो तो बऱ्याचदा त्यांच्यावरूनच. मुक्कामी गाडी हवी असेल तर चालक-वाहकाच्या झोपण्याची, पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय गाव करणार असल्याचेही लिहावे. नुसती वेळ बदलून मागितली असेल आणि त्यासाठी जादा गाडी लागत नसेल, तर ती मागणी मान्य होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. शाळा सुरू झाल्यावर आगाराचे वेळापत्रक हलवणे कठीण जाते, म्हणून हे पत्र मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच जावे, आणि आवक शिक्का मारलेली पोच शाळेच्या कपाटात ठेवावी.